लग्नाच्या चुलीत मयताची लाकडं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं, येते" म्हटलं, उरलेली जुडी निवडली, धुतली, फडक्यावर पसरली आणि मग निघाले. कोणी म्हणेल, काय बाई आहे ही... पण ज्याच्यासाठी हातातलं काम टाकून धावावं, असा तो माणूस माझ्या लेखी नव्हता. सदानंद, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. घाटकोपरहून साकीनाक्याकडे जाताना असल्फ्याला त्याची जळाऊ लाकडांची वखार होती. तो जिवंत असेपर्यंत मी त्याला 'भावजी' म्हटलं, अहो-जाहो केलं, पंगतीत आधी त्याला वाढलं. आता या लेखापुरता तरी तो 'तो' आहे.

आणि हा लेखही मी लिहिला नसता. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहेच. पण तेराव्याला जेवणं झाल्यावर वॉर्डातले एक जुने पुढारी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "सदाशेठचं मन मोठं हो. मेहुणीच्या लग्नात बायकोच्या हातून केवढा घोळ झाला, पण पोटात घातलं त्यांनी. चारचौघांत कधी बोलून दाखवलं नाही." बसलेल्यांनी माना डोलावल्या. माझी सुमनताई आत भांडी आवरत होती. तिच्या हातातल्या पातेल्याचा आवाज जरासा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. तेव्हाच मी ठरवलं, लिहायचं.

शेठ म्हणे. शेठजींची इस्टेट काय, तर पत्र्याची एक शेड, वाशाला टांगलेला वजनकाटा, दोन कुऱ्हाडी, दोघांनी ओढायची करवत, लोखंडी पाचरी, एक घण, आणि एक तीनचाकी टेम्पो, जो चढ दिसला की खोकायला लागायचा. यातली कुऱ्हाड शेठजींनी कधी उचलली नाही. त्यांची पाठ धरायची. पत्ते कुटायला बसताना मात्र ती बरोबर सुटायची. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, केसांना तेल चोपडायचं, तोंडात पान कोंबायचं आणि काट्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं, याला तो धंदा म्हणायचा. लाकूड फोडायची ताई. पदर खोचून, ओंडक्यात पाचर बसवून, घणाचे घाव घालत. दोन फाटी एकमेकांवर आपटून नुसत्या आवाजावरून सांगायची, सुकं की ओलं. ओलं लाकूड ती विकू द्यायची नाही. आणि हा पठ्ठ्या तिची पाठ वळली की पाईप घेऊन सुक्या थप्पीवर पाणी मारायचा, वजन वाढावं म्हणून. रेशनचं रॉकेल संपलं की चाळीतल्या बायका आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं न्यायच्या. त्यांच्या घरात जाळ कमी आणि धूर जास्त, मग त्या येऊन भांडायच्या ताईशी. हा खुर्चीतूनच म्हणायचा, "हवाच दमट आहे वहिनी, लाकूड तरी काय करणार?" ते पण मे महिन्यात.

बोलायला मात्र गोड, ते कबूल करते. माझी आई त्याच्या गप्पांवर हसायची. ताई तर तोंडाला पदर लावून हसायची, आणि ते मला आजतागायत समजलेलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना त्याचं ठरलेलं, "या परत, दुकान तुमचंच आहे." एकदा बाप गेलेला एक माणूस चितेसाठी लाकडं न्यायला आला. आता वखारीची रीत अशी की मयताची लाकडं नेणाऱ्याला 'या' म्हणायचं नाही, 'आणखी देऊ का' विचारायचं नाही, मुकाट्याने भरून द्यायची. आमच्या शेठजींनी टेम्पोचं मागचं फळकं लावलं आणि सवयीने म्हणाले, "या परत." तो माणूस मारायलाच उठला. ताई मध्ये पडली, तिने हात जोडले, तेव्हा कुठे निभावलं. संध्याकाळी हा मलाच हसत सांगत होता, "जीभच ती, घसरली." अशा माणसाला काय बोलणार, कप्पाळ.

दुसरी रीत याहून कडक. स्मशानात उतरवलेलं लाकूड परत वखारीत आणायचं नाही. चिता रचून उरलं तर तिथेच ठेवायचं, एखाद्या बेवारशाच्या उपयोगी पडतं. ताईच्या सासऱ्यांनी वखार घातली तेव्हापासून हे पाळलेलं. स्मशानातून टेम्पो आला की ताई तो धुवून घ्यायची, मगच दुसरा माल चढवू द्यायची.

माझं लग्न ठरलं ते संपानंतर. बाबांची गिरणी गेली होती, ते घरी बसून भिंतीकडे बघायचे. आईने होतं नव्हतं ते मोडून घाटकोपरला एक लहानसा हॉल घेतला. बैठकीत माझ्या सासरच्यांसमोर भावजी छाती काढून म्हणाले, "मेहुणीच्या लग्नाला जळण माझं. सुकी बाभूळ देतो, आचारी नाव काढील." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मलाही तो बरा वाटला होता. ताईने खरंच सुकी बाभूळ वेगळी रचली, वर गोणपाट टाकलं, आणि हळदीला आमच्याकडे मुक्कामाला आली. इकडे ती माझ्या अंगाला हळद लावत होती, आणि तिकडे एका बेकरीवाल्याला ती बाभूळ आवडली, तर यांनी विकून टाकली. मग लग्नाला द्यायला सुकं लाकूड नाही. उरलेलं सगळं स्वतःच पाणी मारून ठेवलेलं, ते आचारी तोंडावर फेकेल हे ठाऊक. तेव्हा हा दिवटा गेला स्मशानात. आदल्या दिवशी आपणच पोचवलेल्या लाकडांतली उरलेली टेम्पोत भरली आणि सकाळी थेट हॉलच्या मागे नेऊन उतरवली.

आमचे आचारी तात्या, मालवणकडचे, म्हातारे. चुली पेटल्या होत्या, भाताचं आधण ठेवलं होतं. तात्यांनी जाळ वाढवायला एक फाटं उचललं आणि तसंच हातात धरून राहिले. सालीत गुलाल होता, भेगेत तुळशीचं पान अडकलेलं. त्यांनी झारा खाली ठेवला. "ह्यां मयताचां लाकूड आसा," म्हणाले, "ह्येच्यार मी लग्नाचां जेवाण करूचंय नाय." हे हॉलमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? मी मुंडावळ्या बांधून बसलेले. माझे सासरे उठून उभे राहिले आणि आपल्या माणसांना म्हणाले, "चला, सामान उचला. आमच्या मुलाचं लग्न यांनी स्मशानात मांडलंय." बाबा त्यांच्या पायाशी वाकायला लागले. सगळे भावजींकडे बघत होते. भावजींनी रुमालाने तोंड पुसलं आणि वर पंख्याकडे बघायला लागले... जसं काही पंख्याने लाकडं आणली होती.

तेवढ्यात ताई पुढे आली. म्हणाली, "चूक माझी आहे. टेम्पो मी भरला. घाईत कुठली थप्पी उचलली ते बघितलं नाही. तासाभरात दुसरं लाकूड आणते, पण पोरीला टाकून जाऊ नका." मी तोंड उघडणार, तर तिने माझ्याकडे बघून मान हलवली. सासरे थबकले. बाईमाणसाची गफलत माफ करता येते. सोयऱ्यातल्या पुरुषाने जाणूनबुजून केलेला अपमान गिळता येत नाही, तेव्हाचा हिशेब असा होता. आणि त्या क्षणी या महाशयांना वाचा फुटली. म्हणाले, "जाऊ द्या हो. बायकांना काय कळतंय वखारीतलं?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्याच लग्नात, नवऱ्यामुलीच्या पाटावर बसून.

मग ताईने तात्यांना जुन्या चुली मोडून नव्या मांडायला सांगितलं, टेम्पोत बसून गेली, थप्पीच्या पोटातलं कोरडं राहिलेलं लाकूड उपसून आणलं आणि हॉलच्या मागे, अंगावरच्या रेशमी साडीत, स्वतः फोडलं. जेवणं उन्हं कलल्यावर झाली, पण झाली. माझं लग्न लागलं. पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन आग्रह कोण करत फिरत होतं, ते सांगायला नकोच.

भोगलं ताईने. असल्फ्यात तिचं नाव पडलं, मयतावर लग्न शिजवणारी. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. कोणाच्या मुलीची ओटी भरायची असली तर बायका तिला टाळून पलीकडच्या घरी जायच्या. ताईला असल्या घरगुती समारंभांची भारी हौस. गजरा आणून ठेवायची आणि दारात उभी राहायची... संध्याकाळी तोच गजरा देवाला घालायची. पुढे घरोघरी गॅस आला, वखार उठली, ती दोघं मुलुंडला राहायला गेली, पण नाव काही सुटलं नाही. तेराव्यालासुद्धा तेच निघालं ना?

मी किती वेळा म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तिचं एकच, "तुझ्या सासरी कळलं तर तुला जड जाईल." सासरे गेले तरी ती गप्पच.

परवा हे सगळं लिहून मुलुंडला गेले आणि स्वयंपाकघरात बसून तिला वाचून दाखवलं. ती फरसबी चिरत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "खरं आहे सगळं."

"मग सासरे गेल्यावर तरी का नाही बोललीस?"

"ह्यांनी बोलावं म्हणून थांबले." तिने विळी आडवी केली. "संध्याकाळी चहाचा कप हातात आला की म्हणायचे, 'सुमन, एक सांगायचं होतं...' मी आपली हातातलं काम ठेवून समोर बसायचे. मग म्हणायचे, 'साखर कमी झालीय.' रोज गं. इतकी वर्षं."

"आणि हॉस्पिटलात?"

"तिथे पण. चहा बंद होता, तर म्हणाले, 'जरा उशी सरकव.'"

"घाबरट होता," मी म्हटलं. माझा संताप संताप झाला होता.

"होते," ताई म्हणाली. उठली, आधण ठेवलं, आणि ओट्यावर तीन कप मांडले. आम्ही दोघीच होतो. तिसऱ्या कपाकडे ती बघत राहिली, मग तो पालथा घातला. म्हणाली, "आता ते काही सांगत नाहीत. तू सांग. आणि माझं नाव घालून सांग."

म्हणून सांगते. माझ्या लग्नात मयताची लाकडं सदानंदने आणली. माझी बहीण सुमन तेव्हा माझ्या अंगाला हळद लावत होती.