पिवळी गाडी हवेत असताना

आमच्या वैष्णवीला फोटो काढताना तुम्ही बघितलं नसेल, तर लग्नात नवरानवरीला ‘जरा हसा’ म्हणणारी बाई डोळ्यांपुढं आणू नका. तेही तिनं केलंय. जावळं, साखरपुडे, डोहाळजेवणं, काही सोडलं नाही. पण मी सांगतोय ती वैष्णवी धुळीत पोटावर पडलेली असते, डोक्याला पंचा, कोपरं सोललेली, आणि समोरून मोटार अंगावर येत असते. मी तिचा चुलत सासरा, हैबतराव. बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलतो. मुळशी-मावळातल्या कुठल्याही घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, जाऊन माझं नाव काढा. माइकमुळं माझी भाषा जरा सुधारलीय म्हणतात, पण चिडलो की मूळपदावर येतो. हे सांगताना मी चिडणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिला राग गेणबावर. गेणबा म्हणजे माझा चुलतभाऊ, वैष्णवीचा सासरा. हिंजवडीशेजारच्या माण गावातली जमीन इमारतींखाली गेली, उरल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, त्यात लातूर-नांदेडकडची नोकरदार पोरं राहतात. मुलगा साहिल, म्हणजे वैष्णवीचा नवरा, हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो. एके काळी गेणबाचा गाडा घाटात उभा राहिला की माणसं जेवणावरून उठून यायची. आता दावणीला बैल नाही, मान मात्र तशीच ताठ. या माणसानं उभ्या जन्मात ‘माझं चुकलं’ असं म्हटलेलं नाही. स्वतः वाट चुकला तरी म्हणणार, रस्ता कुणी हलवला.

त्याच्या घरात ही सून आली. लग्नाच्या ऑर्डरी करता करता घाटात बैलांचे फोटो काढायला लागली, तिथून मोटारींच्या शर्यतींवर गेली. मी एकदा विचारलं, “अगं, एवढ्या जोरात जाणाऱ्या गाडीचा फोटो निघतो तरी कसा?”

“तिला थांबवून काढला तर मेल्यावानी दिसती, तात्या,” ती म्हणाली. “तिच्यासंगं आपण फिरायचं.” आणि अंगणात उभं राहून दाखवलं. पाय रोवलेले, श्वास धरलेला, कमरेपासून वरचं अंग सावकाश फिरतंय. असं केलं की म्हणे गाडी तेवढी स्वच्छ येते, मागची झाडं पुसून जातात आणि बघणाऱ्याला वेग दिसतो. पण डावा डोळा मिटायचा नाही. “कॅमेऱ्यातनं गाडी दिसती. बाकीचं जग डाव्या डोळ्यानं बघाय लागतं. न्हाईतर जीव जायचा.”

गेणबाला हे काही पटत नव्हतं. सुनेनं चारचौघांत पालथं पडायचं, ही कसली कला, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तुझा गाडा पळायचा तेव्हा तू काय सोवळ्यात असायचास? त्यावर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

यंदाच्या हिवाळ्यात पुण्याचा सौरभ आमच्याकडं आला. मातीवरच्या मोटार शर्यती भरवतो. मुठा गावाच्या अंगाला गेणबाचा एक माळ आहे, तो त्याला शर्यतीसाठी हवा होता. गेणबानं ऐटीत दिला. आपल्या माळावर शर्यत म्हटल्यावर म्हातारा आतून फुलला होता, पण कबूल करेल तर शपथ.

शर्यतीच्या सकाळी सौरभ वैष्णवीला म्हणाला, “मला उडीचा एक फोटो हवाय. पिवळी जिप्सी पूर्ण हवेत, आणि उत्कर्षाचा चेहरा दिसला पाहिजे. तो मिळाला तर सीझनभरच्या सगळ्या रेस तुझ्या. नाही मिळाला तर मुंबईचा एक जण तयार बसलाय. सॉरी, पण मला स्पष्ट सांगायला आवडतं.”

उत्कर्षा म्हणजे पिवळ्या जिप्सीची ड्रायव्हर. आठवडाभर हिंजवडीच्या हापिसात खुर्चीवर, आणि रविवारी हे असलं धाडस.

गेणबा शेजारीच उभा होता. सौरभ गेल्यावर म्हणाला, “ठरलं तर मग. आज जमलं तर जमलं. न्हाईतर उद्यापास्नं ह्ये बंद. खोल्यांचं बघायचं, घरचं बघायचं.”

“व्हय, आबा,” वैष्णवी म्हणाली, आणि पंचा घट्ट बांधून चालू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासरा-सुनेच्या मध्ये पडून कुणाचं भलं झालंय?

तर शर्यत अशी होती. माळावर वळणावळणाची वाट आखलेली, दोन्ही अंगांना दोरी. मधोमध मातीचा उंच बांध घातलेला, त्यावरून गाडी उडायची आणि पलीकडं उतरायची. एक गाडी अर्ध्या वाटेवर गेली की मागून दुसरी सोडायची. ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. मचाणावर माइक होता, पण तो पुण्याच्या एका पोराच्या हातात. इंग्रजी काय, हिंदी काय, नुसता धबधबा. मला कामं कुठली, तर ‘गाड्या नीट लावा’ आणि ‘हरवलेली पोरं मचाणापाशी आहेत’ एवढं ओरडायची. मी, ज्याच्या आवाजावर घाट हलतो तो मी, पार्किंगवाला झालो होतो.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत उत्कर्षाची पिवळी गाडी उडाली तेव्हा ऊन नेमकं पुढच्या काचेवर पडलं आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आला. वैष्णवीनं मचाणाकडं बघून नुसती मान हलवली.  आता एकच फेरी उरली होती.

तिनं जागा बदलली. बांधाच्या पलीकडं, जिथं गाडी उतरते त्याच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीला चिकटून पालथी पडली. समोरच्या दोरीमागं अख्खी गर्दी, आमच्या गावांतली, घाटावर वाढलेली माणसं. सगळ्यांत पुढं गेणबा.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथं झाला. आमच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. त्याला आम्ही बारी म्हणतो. बारी संपली की घाट मोकळा, माणसं खुशाल आत उतरतात, चाकोऱ्या बघतात, कुणाचा बैल कुठं तिरका झाला यावर हुज्जत घालतात. गेणबानं जन्मभर तेच केलंय. दुसऱ्या फेरीत उत्कर्षाच्या पुढची पांढरी गाडी उडाली, उतरली, धुळीचा लोट उठवून गेली, आणि गेणबाचे पाय आपोआप दोरीखालून आत गेले. चाकं कुठं टेकली ते बघायला. तो उतरला म्हणून त्याच्यामागं आणखी दहाबारा जण उतरले. मागून पिवळी गाडी सुटलेली होती. बांधावर निशाण घेऊन उभा असलेला माणूस येणाऱ्या गाडीकडं तोंड करून होता, त्याच्या पाठीमागं नुसती धूळ.

वैष्णवीनं मला हे नंतर सांगितलं. कॅमेरा बांधाच्या माथ्यावर रोखलेला, बोट बटणावर. पिवळ्या गाडीचा आवाज चढत चाललेला. आणि डाव्या डोळ्याला धुळीत काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. धोतर. तिनं ओळखलं कुणाचं ते. ओरडली, पण इंजिनापुढं कुणाला ऐकू जाणार? धावत जाण्याइतका वेळ नव्हता. तिनं कॅमेरा मातीत टाकला, उठून उभी राहिली, डोक्याचा पंचा ओढून हात उंच केला आणि सपकन खाली आणला.

घाटात बारी सोडताना निशाणवाला हेच करतो, आणि निशाण पडलं की माइकवाला ‘झाली’ म्हणून ओरडतो, म्हणजे गाडा सुटला.

मला मचाणावरून धोतर दिसलं नाही, माणसं दिसली नाहीत. मला फक्त पंचा खाली येताना दिसला. शेजारचा पोरगा कुठल्यातरी टायरच्या कंपनीचे आभार मानत होता. मी त्याच्या हातातून माइक हिसकला आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, “झाली झाली झाली, बारी झाली, भिर्रर्र!”

हा आवाज आमच्या माणसांच्या हाडात आहे. तो आला की वर काय चाललंय हे कुणी बघत बसत नाही, आधी बाजूला उडी, कारण बैलांना ब्रेक नसतो. धुळीतून माणसं दोन्ही अंगांना फेकल्यासारखी बाहेर पडली. त्याच क्षणी पिवळी गाडी बांधावर आली. ती उडालीच नाही धड. उंबऱ्यावरून म्हैस उतरावी तशी उतरली, दोन हात तिरकी झाली आणि पुढं निघून गेली. मी माइक धरून खाली बसलो. 

फेरी संपवून उत्कर्षा तरातरा मचाणापाशी आली. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढराफटक. “मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला,” ती सौरभला म्हणाली. “समोर लोक होते. उतरताना मला कपडे दिसले, सौरभ. मला ही फेरी परत पाहिजे.”

सौरभनं निशाणवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माझी पाठ होती, मागं धूळ होती. सौरभ माझ्याकडं वळला. मी खरं तेच सांगितलं, मला पंचा दिसला, मी ओरडलो. मग सौरभ म्हणाला, “नियम आहे. वाट अडली होती हे ड्रायव्हरशिवाय दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, त्याशिवाय मी फेरी परत देऊ शकत नाही. बाकीचे ड्रायव्हर ऐकणार नाहीत.” आणि तो वैष्णवीकडं बघायला लागला. “तू समोर होतीस. कोण होतं आत?”

आत उतरलेले दहाबारा जण कधीच गर्दीत मिसळले होते. वैष्णवीनं एक नाव घेतलं असतं तर गाडी परत सुटणार होती. गाडी परत सुटली तर फोटो परत मिळणार होता. पण भोवती पाच गावांची माणसं, आणि तिच्या मागंच सासरा उभा. एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी, धोतर मातीनं लाल. मी ते बघितलं आणि माझ्या सगळं ध्यानात आलं.

वैष्णवी खाली बघत म्हणाली, “धूळ लई होती, सर. कळलं न्हाई.”

“फोटो?”

“न्हाई मिळाला.”

सौरभनं सुस्कारा टाकला. वाईट माणूस नाही तो, त्यालाही बरं वाटत नव्हतं. “मग माझा नाइलाज आहे, वैष्णवी,” म्हणाला. ती मान हलवून कॅमेऱ्याची माती पुसायला लागली. पुसता पुसता डोळेही पुसले, ते मी बघितलं. त्या वेळी मी गेणबाला काय म्हणत होतो मनात, ते छापण्यासारखं नाही.

“मी व्हतो आत.”

सगळे वळले. गेणबा पुढं आला होता, एका पायानं लंगडत.

“पांढरी गाडी गेली, मला वाटलं बारी संपली, घाट मोकळा. म्हणून मी उतरलो. मी उतरलो म्हणून बाकीचे उतरले.” मग थांबला.  “माझं चुकलं. ह्या पोरीची गाडी परत सोडा. आन् आमच्या सुनंला तिच्या जागंवर जाऊ द्या.”

कुणी हसलं नाही. पंचक्रोशीत गेणबाला ओळखत नाही असा माणूस तिथं नव्हता, आणि जो तो जमिनीकडं बघत होता. सौरभनं घड्याळ बघितलं, मावळतीकडं बघितलं. “पटकन घ्या,” म्हणाला, “उजेड जातोय.”

उत्कर्षा गाडीत बसायला गेली. पुण्याच्या पोरानं आपण होऊन माइक माझ्याकडं दिला. वैष्णवी परत त्याच जागी पालथी पडली. कॅमेरा पडला होता, आत काही हललं असेल का, चालेल का, काही सांगता येत नव्हतं. तिनं एकदा बटण दाबून बघितलं, कानाशी धरून ऐकलं. आणि समोर गेणबा दोरीच्या आत उभा राहिला, गाडीकडं पाठ करून, गर्दीकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून. एकेकाच्या डोळ्यांत बघत होता. कुणाचा पाय हलायची टाप नव्हती.

गाडी सुटली. आवाज पहिल्या वळणावर, दुसऱ्या वळणावर, मग बांधामागं दडला. उत्कर्षा परत पाय उचलेल का?  माइक हातात असून गप्प राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मग ती बांधावरून आली. वर, आणखी वर. खाली टेकली तेव्हा माळ हादरला.

वैष्णवी किती तरी वेळ उठलीच नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडं बघत तशीच पडून होती. आम्ही धावत गेलो. सौरभनं वाकून बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाला, “पुढची रेस नाशिकला आहे. साहिलला सांग, तुला घेऊन यायला रजा काढावी लागेल.”

ती हसली, मग एकदम रडायलाच लागली. मी तोंड वळवलं, कारण माझंही तेच झालं होतं.

गर्दी पांगल्यावर गेणबा आला. घसा खाकरला. “माझी पाठ व्हती,” म्हणाला. “मला काय दिसलंच न्हाई. दाव.”

तिनं पडदा त्याच्यापुढं धरला. पिवळी गाडी, चारी चाकं मातीपासून सुटलेली, खाली लोंबणारी. काचेमागं उत्कर्षा, दात आवळलेले, डोळे लख्ख उघडे. पलीकडं दोरीशी सगळी तोंडं वर झालेली, उघडी पडलेली, आणि त्यांच्यापुढं एका म्हाताऱ्याची पाठ.

“ह्यो पाठमोरा कोण?” गेणबानं विचारलं.

“तुमीच की, आबा.”

तो पुढं वाकला. बोट पडद्याजवळ नेलं, गाडीच्या चाकापासून मातीपर्यंतचं अंतर हवेतल्या हवेत मोजलं. मग परत वर नेलं.

“लई वर गेली की गं,” म्हणाला. पडद्याचा उजेड तेवढ्यात गेला. त्यानं सुनेकडं बघितलं.

“परत दाव.”