दरवर्षी मरणारं झाड

गच्चीला पांढरा रंग द्यायची कल्पना माझी. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून हातून काहीतरी भरीव घडावं असं मला वाटत होतं, आणि वरच्या मजल्याला गारवा मिळेल असं रंगवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. रंग वाळला. मी कौतुकाच्या अपेक्षेने जिन्यात उभा होतो, तोच वरून आत्या उतरली.

"माझे ठिपके कुठायत?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो. "हनुवटी वर, हसू नका" हे तिने आयुष्यभर इतक्यांना सांगितलंय, की आमच्या घरातली पोरं ती आली की आपोआप गंभीर होतात. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "रिकामा वेळ मिळाला की करते" म्हणायची, आणि रिकामा वेळ सगळा फाटकाजवळच्या झाडाला द्यायची. गच्चीवर लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके होते. त्यांवर तिवईचे पाय टेकवायचे, वर कॅमेरा चढवायचा आणि त्याच झाडाचा फोटो घ्यायचा. धुक्यात, पावसात, भर उन्हात. संध्याकाळचा उजेड जरा वेगळा दिसला, की गिऱ्हाईक हनुवटी वर केलेलं तसंच खुर्चीत ठेवून ही गच्चीवर.

"एकच झाड किती वेळा काढशील?" मी एकदा विचारलं होतं.

"तू रोज तोच चेहरा आरशात बघतोस. मी काही बोलते का?"

तर ते ठिपके आता रंगाखाली गेले होते. शिक्षा म्हणून मला गच्चीवर नेण्यात आलं. मी जुना फोटो धरून उभा, आणि आत्या तिवई इंचाइंचाने सरकवतेय. झाडाच्या दोन फांद्यांमधलं बेचकं समोरच्या इमारतीच्या टाकीच्या कोपऱ्यावर नेमकं यायला हवं.

"फोटो डावीकडे घे. तुझ्या नव्हे, माझ्या."

अर्धी सकाळ गेली. पांढऱ्या गच्चीवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी वैतागलो आणि तोंडातून निसटलं, "कशाला एवढी खटपट, आत्या? गुरुवारी तोडतायत ते."

झाड मेलंय, असं कमिटीने ठरवलं होतं. त्याच्यावर पान उरलं नव्हतं हे खरं. अध्यक्षांच्या नव्या गाडीला जागा हवी होती, हेही खरं. मी हात वर केला होता, कारण सगळ्यांनीच केला होता.

आत्याने फोटो घेतला, तिवई मिटली आणि खाली गेली. आत्या गप्प बसली, की आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजते.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेतली गुबगुबीत बाळं गायब. तिथे झाडाची रांग लागली होती. एक फोटो उघडाबोडका, शेजारी तेच झाड हिरवंगार. प्रत्येक बोडक्या फोटोखाली जाड अक्षरांत: "हे गेल्या वर्षी मेलं." "हे त्याच्या आदल्या वर्षी मेलं." रांगेच्या शेवटी अध्यक्षांचा पासपोर्टचा फोटो. हनुवटी वर, चेहरा गंभीर, आणि डोक्यावर एकही केस नसल्यामुळे दिव्याचा उजेड लख्ख पडलेला. त्याखाली काहीच लिहिलं नव्हतं. रस्त्यावरचे लोक थांबून थांबून ती मोकळी जागा वाचत होते.

गुरुवारी झाड तोडणारा आला. काचेसमोर बराच वेळ रेंगाळला, मग त्याने मला विचारलं,

"साहेब, हे दरवर्षी मरतं, तेच का?"

"तेच."

"मग त्याला सवय आहे की," म्हणाला, आणि करवत सायकलला बांधून चालता झाला.

संध्याकाळी कमिटी बसली. पालवी येते का ते बघू, तोवर तोडायचं नाही, असं ठरलं. "पण माझा फोटो आत्ताच्या आत्ता उतरला पाहिजे," अध्यक्ष म्हणाले, आणि नातं माझं म्हणून मलाच पाठवलं.

आत्या एका गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करत होती.

"आत्या, झाड राहिलं. तू जिंकलीस," मी म्हणालो. "आता अध्यक्षांना खाली उतरव. बिचारे टोपी घालून जातायत दुकानावरून."

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला, बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आधी त्या झाडाला पालवी फुटू दे."