सगळी फॅक्टरी दिनानाथची बायको

मी उमा, अंबरनाथच्या एका फॅक्टरीत टाइम ऑफिसला होते. राहायला उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, त्यामुळे जीभ जरा तिखट. पद्मजा आमची कॉम्प्युटरवाली. ब्याण्णव साली तिचं लग्न झालं, बदलापूरच्या दिनानाथ वैद्यांशी. सासरी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'अंजनी' लिहिलं आणि झालं! जन्मापासूनचं नाव गेलं. पोरगी हसतमुख, पण अंजनी म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वळायची. मला म्हणायची, आडनाव बदला, वडिलांच्या जागी नवरा घाला, पण माझं नाव मला राहू द्या ना. सासूपुढे बोलायची मात्र हिंमत नाही.

त्यात आमचे मॅनेजर प्रधानसाहेब. लग्न झालं, आता रेकॉर्ड बदला, म्हणून तिच्या मागे लागले. रेकॉर्ड पद्मजाच्याच ताब्यात, म्हणजे स्वतःचं नाव स्वतःच पुसायचं! रडवेली होऊन तिनं एसक्यूएलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमांच्या भाषेत, अपडेट लिहिलं: नाव अंजनी, मधलं नाव दिनानाथ, आडनाव वैद्य. कोणाचं बदलायचं, ती 'व्हेअर'ची अट मात्र लिहायची राहून गेली. अट नाही म्हटल्यावर मशीन कशाला विचारतंय? यादीतल्या सगळ्यांचंच बदललं. वर कमिट, म्हणजे बदल पक्का करून बाई मोकळी.

सकाळी मी हजेरीचा कागद छापला, तर वरपासून खालपर्यंत अंजनी दिनानाथ वैद्य. प्रधानसाहेबसुद्धा! मोरिवलीचा हरिचंद्र आमचा वॉचमन, एवढ्या मोठ्या मिशा. त्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, "बाय गो, माजा लगीन कवा झाला?"

हसून हसून आमची पोटं दुखली. पद्मजा मात्र पांढरीफटक. शेवटी बदलाच्या आधी काढून ठेवलेली बॅकअपची टेप लावून तिनं सगळी नावं परत आणली, अर्थात तिचंही. हरिचंद्र तिला म्हणाला, "माजा नाव मना गावला. आता तुजा सोरू नको."

साहेब म्हणाले, आता नीट कर. पद्मजा बसली. या वेळी 'व्हेअर'मध्ये स्वतःचा टोकन नंबर घातला, मधलं नाव आणि आडनाव बदललं, पहिल्या नावाला हात लावला नाही. साहेबांनी पाहिलं आणि चालेल म्हणाले. सकाळभर अंजनी होऊन बसलेला माणूस दुसरं बोलणार काय!

आता उरली सासू, माई. पद्मजा तो फसलेला कागदच घरी घेऊन गेली आणि काय झालं, काय केलं, सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मला म्हणाली, माई आधी जाम चिडल्या, पण हरिचंद्रच्या मिशांपर्यंत गोष्ट आली आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "राहा बाई तू पद्मजाच. मी माहेरची विठा. ते नाव येईल का गं तुझ्या मशीनमधून परत?"

मशीनमध्ये माईंची नोंदच नव्हती, म्हणून पद्मजा बिचारी नाही म्हणाली होती. मला असा राग आला! म्हटलं, मशीन कशाला हवं, तुला तोंड नाही?

त्या संध्याकाळी तिनं दारातूनच विचारलं, "विठामाई, चहा टाकू?"

माई पहिल्याच हाकेला बाहेर आल्या.