शेजवानच्या वासाची गिटार

मला किळस फार. हे काही मोठेपणाने सांगत नाही. मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढायची वेळ आली की मला हटकून ऑफिसचं तातडीचं काम आठवतं. लेक माझ्यावरच गेली. ती धुतलेला पेलासुद्धा वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत नाही. बायको म्हणते, "या बापलेकींना काचेच्या कपाटात ठेवायला पाहिजे, बाहेरून कुलूप घालून." आणि असा मी, एका संध्याकाळी मरोळहून एक अशी वस्तू घरी घेऊन आलो, की बायकोने दारातच पाय आडवा घातला.

का आणली ते सांगतो. आमची घाटकोपरची वस्ती आता उभी होऊन सात मजल्यांची इमारत झाली आहे, पण भीमजयंतीला खालच्या पटांगणात गायन पार्टी अजून बसते. बसते म्हणजे खरंच बसते. स्टेजवर सतरंजी, सगळे मांडी घालून, पेटी मधे, ढोलकी बाजूला. मुली मागच्या रांगेत कोरसला. त्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि धृपद उचलायचं. सहा वर्षं मागे बसून टाळ्या वाजवल्यावर माझ्या लेकीने यंदा पार्टीच्या मास्तरांना सांगितलं, "मला गिटार वाजवायचीय." मास्तर पंचाहत्तरीचे. त्यांनी पेटीवरून मान न उचलता सांगितलं, "स्वतःचं वाद्य घेऊन ये. मग बघू."

ती शिकली होती मैत्रिणीच्या गिटारीवर. मैत्रीण पुण्याला कॉलेजात गेली, गिटारही गेली. लेक काही मागत नाही, तो तिचा स्वभाव नाही. ती फक्त जेवताना सांगायची, "पप्पा, पंधरा दिवस राहिले." दुसऱ्या दिवशी, "चौदा."

मी नोकरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत. आमच्या गेटसमोर एक चायनीजवाला आहे. तो तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बुडाला, तेव्हा त्याने कढई हातात घेतली आणि गिटार कढईच्या वरच्या भिंतीला खिळ्यावर टांगली. लाल रंगाची, इलेक्ट्रिक, आणि आकार असा की खाली पोट नाहीच, नुसत्या दोन लांब टोकदार शेपट्या. जोडीने वाळत घातलेले बोंबील दिसतात, अगदी तशी. कितीतरी वर्षं मी तिच्याखाली बसून नूडल्स खाल्ले. त्या दिवशी खाता खाता वर बघितलं आणि डोक्यात आलं, हीच.

"सेठ, वो बेचोगे?"

"वो?" त्याने झारा थांबवला. "कोई लेता क्या वो?"

भाव पाच मिनिटांत ठरला. त्याने गिटार ओढली तेव्हा भिंतीवरून ती सुटताना चर्र असा आवाज झाला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. मागे काळ्या भिंतीवर पांढरे बोंबील उमटले होते. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझे दोन्ही हात तिला चिकटले. एवढ्या वर्षांची तेलाची वाफ तिच्यावर साचून गोठली होती, आणि त्या थरात माश्या. एक-दोन नाही. मधात मुरवाव्यात तशा. त्याच कढईतले नूडल्स मी नुकतेच खाल्ले होते.

चायनीजवाल्याने दिलेल्या जुन्या चादरीत ती गुंडाळली. मेट्रोच्या तपासणीवाल्याने चादर उचलून बघितलं आणि मान मागे घेतली. "ये क्या है?"

"गिटार."

"खराब हो गयी है," तो म्हणाला. मासळीबद्दल बोलावं तसं.

घरी बायकोने आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, पार्सल आणायचं तर पिशवीत आणतात."

लेक आतून धावत आली. गिटार दिसली तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उजळला, ते मी बघितलं, खोटं नाही सांगत. मग वास पोचला. तिने ओढणी नाकाला लावली. "पप्पा, मी हिला हात नाही लावणार."

"साफ करून देतो की."

"कोण? तुम्ही?" मायलेकी एकदम हसल्या. तेव्हाच माझं ठरलं. माणूस शौर्याने काही करत नाही, हसण्याच्या भीतीने करतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं, नाकाला रुमाल बांधला, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. बायकोने आतून बजावलं, "माझ्या घासणीला हात लावलात तर बघा." जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने सुरुवात केली. पहिला थर पिवळा निघाला, दुसरा तपकिरी. गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्यांमधे काळा मळ बसलेला. तो त्या गिटारवाल्याच्या बोटांचा घाम, ही गोष्ट लक्षात आल्यावर मी दहा मिनिटं नुसता गॅलरीच्या गजांना धरून उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या आजींनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "गिटार साफ करतोय." त्यांनी खिडकी लावून घेतली.

पाठीमागचं झाकण चार स्क्रूंचं. ते उघडलं ती माझी चूकच. आत वायरी, त्यांच्यावर जळमटं, झुरळाची अंडी उडदाच्या डाळीसारखी रांगेने चिकटवलेली, आणि पालीची शेपटी. नुसती शेपटी. पाल कुठे गेली असेल, हा विचार मी आजही करत नाही. चिमट्याने एकेक काढलं, प्रत्येक वेळी तोंड फिरवून, म्हणजे निम्म्या वेळा चिमटा हवेतच. दोन वायरी तुटल्या होत्या, त्या सोल्डरचा डाग देऊन जोडल्या. ते मला येतं. आतून पाच वेळा पुसली. आणि झाकण लावलं.

आता तारा. इथे माझ्या अंगात जुना कलाकार शिरला. मी तरुणपणी ह्याच पार्टीत बेंजो वाजवायचो. टाइपरायटरसारखी बटणं असतात, वाद्य समोर आडवं ठेवायचं, आणि एकाच जाडीच्या बारीक तारा सगळ्या सा आणि पा ह्या सुरांना लावायच्या. माझ्या अवजारांच्या पेटीत बेंजोच्या तारांचं भेंडोळं होतंच. सहाही तारा त्याच चढवल्या. सा, सा, पा, सा, पा, सा. तंबोऱ्यासारखी गुंजली. डोळ्यांत पाणी आलं, अर्धं रॉकेलने.

"ये बघ," मी हाक मारली.

लेकीने बोटांच्या टोकांनी धरली. आधी वास घेतला. "अजून शेजवानचा वास येतोय." मग तिने नेहमीसारखी बोटं ठेवली आणि हात फिरवला. जो आवाज निघाला तो ऐकून बायको बाहेर आली. "काय पडलं?"

"पप्पा," लेक म्हणाली, "ह्या सगळ्या तारा सारख्याच आहेत."

"मग? चांगल्या आहेत, स्टीलच्या."

"गिटारीला सहा वेगवेगळ्या लागतात. जाड, बारीक. वेगवेगळ्या सुरांच्या."

"सगळ्या वेगळ्या? मग सूर कशाला धरायचा माणसाने?"

मग ती जी हसली, ती जमिनीवर बसली. घाटकोपर स्टेशनजवळून खऱ्या तारा तीच घेऊन आली, तिनेच चढवल्या, मोजे घालून. माझे मोजे. आणि मग मोजे काढले, कारण मोज्यांनी गिटार वाजत नाही. त्या दिवशी तिने सात वेळा हात धुतले. मी मोजत होतो.

तालमीला नवीनच संकट. सतरंजीवर मांडी घालून बसली की गिटारीला पोटच नाही, ती मांडीवरून घसरायची. एका शेपटीने ढोलकीवाल्याला टोचलं. मास्तर चष्म्यातून बघत होते.

"नीट बस की गं."

"मास्तर, मी बसतेय. ही बसत नाही."

"आपल्यात सगळे बसून वाजवतात."

"मग काय करू?"

मास्तरांनी गिटारीकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे, जणू तिला जन्म मीच दिला होता. "असलं वाद्य आणलंस कुठून रे? उभी राहा बाई. पण कडेला."

जयंतीच्या संध्याकाळी ती कडेला उभी राहिली. बसलेल्या पार्टीत ती एकटीच उभी, म्हणजे कडेला असूनही सगळ्यात आधी तीच दिसत होती. मी पहिल्या रांगेत, बायको शेजारी. स्टेजवर हॅलोजनचा उजेड आणि एप्रिलचा उकाडा. पहिलं कडवं झालं, धृपद झालं, आणि तिच्या तुकड्याची वेळ आली. तिने आवाजाचं बटण वर केलं. स्पीकर हादरले.

आणि त्या बटणाच्या शेजारच्या भोकातून आधी दोन मिशा बाहेर आल्या.

झुरळ बाहेर आलं, उजेडात थांबलं, आणि गिटारीवरून चालत तिच्या उजव्या मनगटावर चढलं. हीच ती मुलगी, जी पेल्याचा वास घेते. तिने बघितलं. मी बघितलं की तिने बघितलं. आता ती किंचाळणार, गिटार फेकणार आणि पुढच्या वर्षी परत मागे बसून टाळ्या वाजवणार. तिने ओठ घट्ट मिटले, नाक आक्रसलं, आणि हात चालूच ठेवला. झुरळ कोपरापर्यंत गेलं, ओढणीवरून खाली उतरलं, मास्तरांच्या पेटीकडे निघालं. मला उमासा आला. मी रुमाल तोंडात कोंबला. शेजारच्या बाईंना वाटलं, बाप गहिवरला.

कार्यक्रम संपल्यावर ती उतरून सरळ पटांगणाच्या नळाकडे गेली. बायकोने पर्समधून साबणाची डबी काढली. ती पर्समधे साबण घेऊन आली होती, ह्यावरून तिचा माझ्या साफसफाईवर किती विश्वास होता ते कळतं.

"पप्पा, तुम्ही म्हणाला होता पाच वेळा पुसली."

"पाच वेळाच पुसली."

"कशी वाजली?"

"मला काहीच ऐकू आलं नाही गं. मी झुरळ बघत होतो."

ती कोपरापर्यंत फेस करत राहिली. "मला वाटलं, उलटी होणार. पण मग तुकडा अर्धाच राहिला असता." तिने हात धुतले, परत साबण लावला, परत धुतले. मग भिंतीला टेकवलेली गिटार उचलून माझ्या हातात दिली. "उद्या परत उघडा हिला. आत अजून असतील. आणि मास्तर म्हणालेत, पुढच्या रविवारी मुलुंडला कार्यक्रम आहे."

मी गिटार घेतली, शर्टाला लागू नये म्हणून हात लांब करून. लिफ्टमधे दोघंजण आधीच होते. त्यांनी नाक वर केलं आणि एकाने विचारलं, "कुणी चायनीज मागवलंय का?"