खिडकीवरचं पाणी आणि फिलोमिना टीचर

फिलोमिना टीचर गेल्या. आज सकाळी, वसईत.

बातमी वाचली, फोन उलटा ठेवला, चहा केला आणि प्यायचा विसरले. रडू आलेलं नाही. मन एका जुन्या प्रश्नापाशी जाऊन बसलं आहे.

तो तुम्हालाही पडला असेल. पावसात किंवा थंडीत गाडीच्या सगळ्या काचा बंद केल्या, की त्या आतून ओल्या होतात.

पाऊस तर बाहेर असतो. मग आतलं पाणी कुठून येतं?

विज्ञानाची शिक्षिका म्हणून याचं उत्तर मी आयुष्यभर शिकवलं. पण ते एकदा कुणालातरी खरोखर पटवून द्यायची वेळ आली होती. सौदीत, आखाती युद्धाच्या जानेवारीत.

खोबर शहरात आम्ही एकाच इमारतीत शेजारी होतो. माझे यजमान आणि टीचरचे यजमान सायमनभाऊ, दोघंही जवळच्या धाहरानला नोकरीला. त्याआधी टीचर वसईच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकवत. सौदीत बंदी म्हणून गळ्यातला क्रॉस कपाटात राहिला. शाळेचा एक नियम मात्र त्यांनी सोबत आणला.

त्या शाळेत प्रत्येक मुलाचं एक झाड असे. पण आपल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाही. ते दुसऱ्याने घालायचं आणि आपण तिसऱ्याच्या झाडाला घालायचं.

घालणारा आला नाही, तर ज्याचं झाड त्याने घालणाऱ्याच्या घरी जाऊन विचारायचं, बरा आहेस ना.

झाडांची निगा आणि गावाची विचारपूस, एकाच प्रोजेक्टमध्ये.

खोबरला त्यांनी इमारतीतल्या मुलांना दूध पावडरचे रिकामे डबे दिले. प्रत्येकात एक रोप. जिन्याच्या खिडकीत सगळे ओळीने. नळाचं पाणी खारट, गोडं पाणी विकतचं, म्हणून उन्हाळाभर मुलं एसीच्या नळीखाली बाटल्या लावायची. मी शेजारी उभी राहून बाष्प, दवबिंदू, संघनन असं सगळं क्रमवार सांगायचे.

टीचर म्हणायच्या, "सुनीता, तुझं होऊ दे. तोवर मी बाटली बदलते."

मग युद्ध सुरू झालं. शाळा बंद, बरीच कुटुंबं भारतात परतली. पुढे पुढे कुवेतच्या जळत्या तेलविहिरींची काजळी यायला लागली, तेव्हा उरलेली मुलं ओल्या फडक्याने पानं पुसायची.

इराकच्या क्षेपणास्त्रांतल्या विषारी वायूच्या भीतीने प्रत्येक घरात एक खोली बंद केलेली होती. खिडकीवर प्लास्टिक, कडांना टेप, दाराखाली ओला टॉवेल. सायरन झाला की सगळे आत. पुरुष ड्यूटीवर असले की टीचर आमच्याकडे येत.

अशीच एक रात्र त्या खोलीत काढली आणि उजाडल्यावर माझ्या सात वर्षांच्या मुक्ताने खिडकीकडे बोट दाखवलं. प्लास्टिकवरून, आतल्या बाजूने, थेंब ओघळत होते.

"मम्मी, गॅस अंदर आ गया."

तिने नाक-तोंड दाबून धरलं. चेहरा लाल झाला. ओढून बाहेर आणलं, तेव्हा श्वास घेतला.

त्यानंतर ती त्या खोलीत पाऊल टाकेना. पुढचा सायरन कधीही होणार होता.

मी रीतसर समजावलं. आपल्या श्वासात बाष्प असतं, खिडकीवरचं प्लास्टिक थंड असतं, बाष्प तिथे गार होतं आणि त्याचं पाणी होतं. एकही पायरी चुकवली नाही. मुक्ताने सगळं ऐकून घेतलं.

"यू आर जस्ट सेइंग, मम्मी."

टीचरनी काहीच समजावलं नाही. मुक्ताचा टोमॅटोचा डबा जिन्यातल्या उन्हात ठेवला. एका फांदीवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवली, तोंड दोऱ्याने बांधलं. मग दोघी पायरीवर बिस्किटं खात बसल्या.

ऊन चढलं. पिशवी आतून धुरकट झाली. मग थेंब दिसू लागले.

"हिला कुणी गॅस दिला का गं?"

"नाही."

"मग हे पाणी कुणाचं?"

"प्लांटचं."

"आणि आपल्या खिडकीवरचं?"

मुक्ताने पिशवीकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे.

"अपना?"

"आपलंच, बाय. रात्रभर आपण तिघी होतो ना आत? जा, टिपून आण. वाया कशाला घालवायचं?"

मुक्ता स्पंज घेऊन खोलीत गेली. स्वतःच्या पायांनी.

युद्ध संपेपर्यंत सायरन झाला की ती स्पंज घेऊनच आत यायची. सकाळी चमचाभर पाणी निघायचं. ते ती नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या डब्यात घालायची.

तिच्या डब्याला पाणी घालणारी अनू केरळला निघून गेली होती. ते काम टीचरनी घेतलं. पण नियम तो नियम. मुक्ताला त्यांनी अनूच्या कुलूपबंद दाराची बेल वाजवून यायला लावलं.

पुढे टीचर वसईच्या त्याच शाळेत परतल्या. निवृत्तीनंतरही एका झाडाला पाणी घालायला जात.

मघाशी मुक्ताचा फोन आला. तिने विचारलं, "मम्मी, टीचर सध्या कुणाच्या झाडाला पाणी घालायच्या?"

मला माहीत नाही.

इतकंच कळतंय की आज ते झाड कोरडं राहिलं असेल. आणि शाळा सुटल्यावर वसईतलं कुणीतरी एक मूल, नियमाप्रमाणे, त्यांच्या दाराशी विचारायला जाईल.

टीचर, 'जा' म्हणवत नाही. या आता.

श्रद्धांजली म्हणून काही करायचं असेल, तर एवढं करा. उन्हातल्या एखाद्या झाडाची पानांनी भरलेली फांदी घ्या. तिच्यावर स्वच्छ, पारदर्शक पिशवी चढवा. तोंड घट्ट बांधा. थोडा वेळ जवळ बसा.

थेंब येतील.

पिशवी हलकेच सोडा आणि ते पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाला घाला.