न दिसलेलं अस्वल

कोहमाऱ्याच्या नाक्यावर माय मला सोडायला आली होती. नागपूरची बस लागली, दादाने बॅग आत टाकली. माय रडली नाही. खिडकीचा गज धरून एवढंच म्हणाली, "तिकडचं जंगल आपल्याले ठाऊक नाही, पोरी. पाहून चालजो." मी रोमेनियाला फिल्म एडिटिंग शिकायला चालले होते. तिच्या लेखी तेही जंगलच.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुखात आहोत. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना माहीत आहे, सुरुवातीचे महिने नुसते घाबरण्यात जातात. मी दुकानात बोट दाखवून पाव घ्यायची. जिन्यात पावलं वाजली की श्वास रोखून बसायची. व्हिडिओ कॉलवर मात्र "मस्त चाललंय न" म्हणायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी कॉलेजने आम्हाला तिथल्याच एका म्हाताऱ्या दिग्दर्शिकेचा सिनेमा दाखवला. डोंगरातल्या गावातली एक बाई अळंबी वेचायला रानात जाते. कॅमेरा तिच्या मागे जातच नाही. अंगणात, तिच्या लहान मुलीपाशी थांबतो. संगीत नाही. कुत्रं भुंकतं, गप्प होतं. मुलगी पाणी भरते, फाटकाकडे पाहते, पुन्हा पाणी भरते. रानात अस्वल आहे, एवढंच आपल्याला कळलेलं असतं. शेजारची मैत्रीण जांभया देत होती. मी फाटकाकडेच पाहत होते.

ती मुलगी मीच होते. मोहफुलं पडू लागली की माय उजाडायच्या आधी टोपली घेऊन निघायची, आणि मोह अस्वलालाही आवडतो. ऊन चढेपर्यंत मी ओट्यावर बसून राहायची. त्या बसण्यात सांगण्यासारखं काही असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. या दिग्दर्शिकाबाईंनी त्याचा सिनेमा केला होता. वर्गात आम्हाला शिकवतात, प्रेक्षक कंटाळण्याआधी शॉट कापा. बाई कापत नाहीत. कंटाळा सरतो आणि भीती सुरू होते, तिथपर्यंत त्या आपल्याला बसवून ठेवतात.

सिनेमानंतर त्या आमच्याशी बोलल्या. मी धीर करून विचारलं, "अस्वल का नाही दाखवलं?"

त्या म्हणाल्या, "घरी थांबलेल्याला ते कधी दिसतं का?"

बाहेर आल्याबरोबर मी घरी फोन लावला. गावात दुपारचे अडीच वाजले होते. माय अकराच्या आत परतते. फोन दादाने उचलला.

"सकाळी गेली, अजून आली नाही. आमी पाहाले जाऊन राहिलो," म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर कितीदा लावला तरी तो लागेना.

मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले. समोरून ट्राम जात होत्या, लोक आइस्क्रीम खात होते. सिनेमातली बाई परत आलीच नव्हती. शेवटचा शॉट उघड्या फाटकाचा होता. तो डोळ्यांपुढून हलेना. जागेवरून उठायची भीती वाटत होती.

गावात चार वाजले तेव्हा फोन वाजला. माय होती.

"काऊन एवढे फोन करून राहिली वं?"

मोहाच्या झाडाखाली अस्वल पिल्लांसकट बसलं होतं. माय आणि सोबतच्या दोघी नाल्यापलीकडे दबून राहिल्या, मग दुसऱ्या गावावरून फिरून आल्या. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मात्र रडत ओरडले, "तू नको जात जाऊ आता!"

ती मग म्हणाली, "तू नाही जात का रोज बाहेर? मले तं तिथली वाटही माहीत नाही. मी कोणाले विचारू, पोरगी घरी आली का म्हून?"

एवढे महिने मी समजत होते, भीती फक्त माझ्याच वाट्याला आली आहे.

पुढे मी बाईंचे सगळे सिनेमे पाहिले. प्रत्येक वेळी घाबरले, तरी पाहिले. माय अजूनही मोह वेचायला जाते. मी संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर पोचले की तिला आवाजी मेसेज पाठवते, "माय, मी घरी आली." त्या खोलीला घर म्हणताना आधी जीभ अडखळायची, आता अडखळत नाही. पण तिकडून तिचं "मीबी घरीच आहो" येईपर्यंत मी पायातले बूट काढत नाही.