विमानतळावर कोणी का आलं नाही

आमच्या घरात एक हकिकत गेली नऊ वर्षं सांगितली जाते. आमची मुलगी शिकायला जर्मनीला पोचली, त्या पहिल्याच दिवशी माझ्या मित्राच्या मुलीने तिला विमानतळावर चार तास ताटकळत ठेवलं, अशी ती हकिकत. ती खोटी आहे. मित्राच्या मुलीला कोणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम माझं होतं.

मित्र आणि मी एकाच सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं समोरासमोर बसलो. डबा एकत्र खाल्ला. ईदला आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे, दिवाळीला ते आमच्याकडे. निवृत्तीला वर्ष उरलं असताना आमच्या सोसायटीतला एक फ्लॅट त्याला पसंत पडला. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. कमिटीच्या बैठकीत त्याचं नाव वाचल्यावर सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "आपल्याकडे पार्किंगचा प्रश्न आहे ना?" पत्र मीच लिहिलं, माझ्या सहीने. पार्किंग उपलब्ध नसल्यामुळे ना-हरकत देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना तो म्हणाला, "माझ्याकडे एकच स्कूटर आहे. वर नेऊन उशाशी घेतली असती."  त्या दिवसापासून तो मला 'आपण' म्हणू लागला. फ्लॅट त्याने बिबवेवाडीत घेतला. बायकोला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

तीन वर्षांनी मुलीला जर्मनीत प्रवेश मिळाला. मित्राची मुलगी त्याच गावात नोकरी करत होती. विमान रविवारी उतरणार होतं आणि हॉस्टेलची किल्ली सोमवारी मिळणार होती. बायको म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना. पहिली रात्र तरी पोरगी ओळखीच्यांकडे काढेल."

"सांगतो," म्हणालो. रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. काय तोंडाने मागायचं? आठवड्याने बायकोने पुन्हा विचारलं, तेव्हा बोलून गेलो, "झालं बोलणं. येतेय ती घ्यायला." मुलीने नंबर मागितला, तर म्हणालो, "तिने तुला लहानपणी पाहिलंय, म्हणून आताचा फोटो पाठवलाय, ती ओळखेल. बाहेरच्या दारापाशी थांब, हलू नकोस." ती निघेपर्यंत आपण फोन करूच, असं मला खरंच वाटत होतं. तेवढ्यात तो रविवार आला.

आपल्याकडच्या साडेचारला मेसेज आला, 'उतरले'. सव्वापाचला फोन. "बाबा, बॅगा मिळाल्या. दाराशी उभी आहे. कोणी नाहीये."

"येईल. लांबून यायचंय तिला."

सहा वाजता पुन्हा फोन, पुन्हा तेच. बायको म्हणाली, "अहो, त्यांना लावा ना फोन."

"लावला. उचलत नाहीत."

"असे कसे उचलत नाहीत? पोरगी परक्या देशात उभी आहे, आणि हे आपले निवांत!"

पावणेसातला मुलगी अगदी हळू बोलत होती. "बाबा, एक माणूस दोनदा टॅक्सी हवी का विचारून गेला. सारखा इकडेच बघतोय. फोन पण संपत आलाय. हॉटेलात जाऊ का मी?"

"नको, थांब," मी म्हणालो. ती एकटी कोणाच्या गाडीत बसेल याची भीती होतीच. पण तुझ्यासाठी कोणी निघालेलंच नाही, हे सांगायचीही होती. त्यातली मोठी कुठली, ते आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

रेंज नाही असं सांगून खाली पार्किंगमध्ये गेलो. निम्म्या जागा रिकाम्या होत्या. मित्राने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"बोला."

मी भराभर सगळं सांगितलं. 

"केव्हा उतरली?"

"साडेचारला."

"आता सात वाजतायत. घरी काय सांगितलंय आपण?"

"तुझी मुलगी घ्यायला येणार म्हणून."

"कधीपासून सांगताय?"

"महिना झाला."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तो म्हणाला, "मुलीचा फोटो पाठवा. आणि अंगावर काय घातलंय ते लिहा." आणि फोन ठेवला.

पुढचा दीड तास बायको देवापाशी बसली होती आणि मी जिन्यावर. मुलीचा फोन लागत नव्हता. साडेआठला दुसऱ्याच नंबरवरून तिचा आवाज आला. "आली ती. तिच्याच फोनवरून बोलतेय. का उशीर झाला विचारलं, तर नुसतं सॉरी म्हणतेय. माझीच चूक म्हणे."

मित्राने आपल्या मुलीला काय सांगितलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. माझं खोटं झाकायला त्याने दोष स्वतःच्या मुलीवर घेतला, एवढं मला जिन्यावरच समजलं होतं.

बायकोने त्या वर्षापासून ईदला जाणं बंद केलं. कोणी विषय काढला की म्हणायची, "चार तास! त्या लोकांना काय त्याचं." आणि मी मोठ्या मनाने म्हणायचो, "जाऊ दे गं, आली ना शेवटी." मला सर्वांत जास्त लाज त्या वाक्याची वाटते.

गेल्या महिन्यात भाचीची मुलगी तिकडेच शिकायला निघाली. भाची म्हणाली, "मामा, तुमच्या मित्राच्या मुलीला विचारू का?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "त्यांच्यावर विसंबू नकोस बाई," आणि तिने हकिकत सुरू केली. मी तिला मध्येच थांबवलं आणि पत्रापासून सगळं सांगितलं. भाची चहा तसाच ठेवून निघून गेली. बायकोने तिचा कप उचलून आत नेला. मग म्हणाली, "मी मंडईत त्यांच्या बायकोला बघून तोंड फिरवलं होतं. तुम्ही बाजूला पिशवी धरून उभे होतात."

रविवारी मुलीला फोनवर सांगितलं.  "बाबा, त्या दिवशी गाडीत मी तिला काय काय बोलले, ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही," असं म्हणून तिने एकेक वाक्य सांगितलं. मी ऐकून घेतलं. हे सगळं लिहून काढतोय, त्यात तेही लिहू का, असं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "ते मी तिला भेटून बोलेन. तुमचं तेवढं तुम्ही लिहा."